साधी भिंत

१

"भाऊ टीव्ही विकतात" असं कुणी म्हटलं, की भाऊ लगेच हात आडवा करत. "विकतात सगळेच. मी टीव्ही गायब करतो."

आणि खरंच करत. शाळा आठवीत सुटली, पुढचं सगळं शिक्षण टीव्हीचं पाठचं झाकण उघडून झालं. काचेच्या नळीचे, पाठीला कुबड असलेले संच दुरुस्त करता करता हा माणूस भिंतभर सपाट पडद्यांच्या दुकानाचा मालक झाला होता. नाकावर घसरलेला चष्मा, गळ्यात दोरीला अडकवलेलं उजेड मोजायचं मीटर, आणि ते पोटावर आपटू नये म्हणून एका हाताने धरून थोडं वाकून चालायची सवय. दुरून नुसती आकृती दिसली, तरी बाजारातले लोक म्हणत, भाऊ आले.

गिऱ्हाइकाला ते आधी खुर्ची देत, मग चहा आणि मग ज्ञान. "रंग बघू नका हो. रंग सगळेच भडक दाखवतात. टीव्हीची लायकी काळ्यात कळते. स्वस्तातल्या पडद्यामागे एकच दिवा जळत असतो, त्याला काळं दाखव म्हटलं की तो धुऊन धुऊन विटलेल्या पँटीसारखं काळं दाखवतो. ह्याच्यात प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा दिवा. विझला म्हणजे विझला. आणि दोन जवळजवळच्या छटा, ज्या तुमच्या-माझ्या डोळ्याला एकच वाटतात, त्या हा वेगळ्या करून दाखवतो. हा टीव्ही नव्हे. हे डोळे आहेत डोळे."

ह्या सर्वांत महागड्या पडद्यातली एक सोय भाऊंची भारी लाडकी. कंपनीच्या पुस्तकात तिला लांबलचक नाव होतं, भाऊ म्हणत 'गायब'. टीव्ही टांगण्याआधी रिकाम्या भिंतीचा फोटो काढायचा, आणि टीव्ही बघायचा नसेल तेव्हा पडद्यावर तोच फोटो ठेवायचा. काचेला चमक नाही, कड नखाएवढी. फोटो नीट जुळला की टीव्ही भिंतीत विरघळून जाई. पण नीट जुळवणं हीच तर मेख. बाकीचे दुकानदार कसातरी फोटो काढून मोकळे होत. भाऊ बघणारा जिथे बसणार तिथे बसत, दुपारचा उजेड बघत, मीटरने भिंत मोजत आणि पडद्यावर तोच आकडा येईपर्यंत उठत नसत.

एका वकीलसाहेबांनी तर दुसऱ्या दिवशी फोन केला होता, "भाऊ, टीव्ही चोरीला गेला!" भाऊ म्हणाले, "साहेब, पोलिसांना नंतर सांगा. आधी भिंतीला हात लावून बघा."

हा किस्सा भाऊ दर गिऱ्हाइकाला सांगत, आणि दर वेळी स्वतःच आधी हसत. दुसरं एक वाक्यही ठरलेलं होतं, ते मात्र न हसता सांगत. "मालाबद्दल गिऱ्हाइकाशी मी आजवर खोटं बोललेलो नाही."

२

हेडबाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. वय एक्याऐंशी, पाठीत वाकलेल्या, मानेवर छोटासा अंबाडा, हातात काठी. एकट्या राहत. खिडकीखाली आरामखुर्ची, समोर पांढरी भिंत, एवढंच त्यांचं जग. भाऊ आणि त्यांचा फिटर त्यांच्याकडे पडदा बसवायला गेले. फिटर पन्नाशीचा गडी. खिशात कायम पाणसळ, म्हणून त्याला सगळे 'लेव्हल'च म्हणत.

भिंत अशी सुरेख होती की भाऊ खूश झाले. ना खिळा, ना भेग, ना ओल. मीटरवर आकडा आला चौऱ्याऐंशी. फोटो इतका स्वच्छ निघाला की भाऊंनी तो दुकानात नमुना दाखवायला म्हणून पेन ड्राइव्हमध्ये ठेवून दिला. नाव दिलं 'साधी भिंत'.

आठवड्याने बाईंचा फोन. "काय हो भाऊ, तुमच्या भिंतीवर डाग आहे."

"माझी भिंत कुठली बाई, भिंत तुमचीच."

"शब्द पकडू नका. येऊन बघा."

भाऊ गेले. पडद्याच्या डाव्या कडेला, भिंतीच्या त्या फोटोत, एक सावली होती. उंच, हडकुळी, खांदे पडलेले, अगदी रेखीव, कात्रीने कापून चिकटवल्यासारखी. पडद्याच्या बाहेरच्या खऱ्या भिंतीवर तिचा मागमूस नव्हता. कडेशी येऊन ती साफ तुटत होती.

"तुमच्या त्या माणसाची असेल. फोटो काढताना मधे कडमडला असेल," बाई म्हणाल्या.

लेव्हल ठेंगणा आणि चांगला गरगरीत. भाऊंनी त्याच्याकडे बघितलं, त्याने स्वतःच्या पोटाकडे बघितलं. भाऊंनी मोबाइलमधला मूळ फोटो काढला. भिंत कोरी. पण उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. "बाई, मोबाइलच्या पडद्याला एवढ्या बारीक छटा कळत नाहीत. सावली फोटोत पहिल्यापासून असणार, दाखवली ह्याने. म्हटलं नव्हतं, डोळे आहेत म्हणून? दुसरा फोटो काढून देतो."

"राहू दे," बाई म्हणाल्या. "मला कुठे लग्नाचे पाहुणे यायचेत. तेवढीच सोबत."

३

पुढच्या महिन्यात बाईंचे तीन फोन आले. मुख्याध्यापिकाच त्या, हजेरी घेतल्यासारखं सांगत.

पहिल्या फोनवर, "डाग मोठा झालाय, पण पुसट झालाय." दुसऱ्यावर, "आणखी पुसट झाला. कडा धुरकट दिसतात आता." भाऊंनी दोन्ही वेळा दिलासा दिला. नव्या पडद्याला मुरायला वेळ लागतो, ठिपके बसतात, जाईल हळूहळू.

तिसरा फोन दुपारी अडीचला आला. आवाजात शाळा सुटल्याची मजा होती. "भाऊ, अभिनंदन! डाग गेला. भिंत अगदी एकसारखी झाली. जरा सावळी वाटते, पण ते दुपारचं ऊन उतरल्यामुळे असेल."

"बघा, बोललो होतो की नाही?"

चार दिवसांनी भाऊंनी चौकशीचा फोन केला, तो बाईंच्या भाच्याने उचलला. बाई गेल्या होत्या, खुर्चीतच बसल्या जागी. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. "टीव्हीकडे तोंड करून बसली होती हो मावशी," भाचा म्हणाला. "तुमची फार आठवण काढायची."

"कधी गेल्या?"

"सोमवारी. दुपारी तीनच्या सुमाराला."

म्हणजे फोन ठेवल्यावर अर्ध्या तासाने. भाऊंना वाईट वाटलं. गिऱ्हाईक चांगलं होतं, जीभ त्याहून चांगली होती. पण एक्याऐंशी म्हणजे काही कमी नव्हे. आठ दिवसांनी भाऊ आपल्या कामाला लागले, आणि दोन महिन्यांनी तर त्यांच्या घरीच नवी धांदल उडाली.

४

भाऊंची एकुलती एक लेक, बबडी. आठ वर्षं देवाला आणि डॉक्टरांना सारखंच साकडं घालून झाल्यावर तिला दिवस राहिले होते, आणि सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता पलंगावरून उठायचं नाही. बसायचंसुद्धा नाही. हिसका बसेल असं काही म्हणजे काही करायचं नाही. आधी दोनदा काय झालं होतं ते घरात कुणी बोलत नसे. जावयाचं काम जहाजावरचं, तो समुद्रात. म्हणून बबडीची आई लेकीकडेच मुक्कामाला गेली.

बबडी दिवसभर छताकडे बघत पडून राही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, पंख्याला पाती तीन आहेत. हजार वेळा मोजली."

दुसऱ्या दिवशी भाऊ दुकानातला सर्वांत मोठा, सर्वांत भारी पडदा घेऊन हजर. पलंगाचं डोकं खिडकीशी, समोर पांढरी भिंत. जागा तर देवानेच मापून दिलेली. लेव्हलने पाणसळ लावली, पडदा चढला, जुना सिनेमा लागला आणि बबडी कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. त्या हसण्याला लगेच तिच्या आईने "हळू गं, हळू" असा चाप लावला.

आता राहिलं 'गायब'. पण घाईत भिंतीचा फोटो काढायचा राहून गेला होता. पडदा उतरवून परत चढवायचा म्हणजे पुन्हा ठोकाठोकी, आणि बबडीचा डोळा लागलेला. खिडकीजवळच्या उघड्या भिंतीवर भाऊंनी मीटर धरलं. आकडा चौऱ्याऐंशी.

भाऊंना आठवलं, पेन ड्राइव्हमध्ये एक चौऱ्याऐंशीची भिंत आहे. स्वच्छ, गुळगुळीत, असाच रंग. कुणाच्या घरची ते आठवलं नाही. आठवायची गरजही वाटली नाही. धंद्यातला माणूस पांढऱ्या भिंतीचं गोत्र विचारत नाही. पांढरी ती पांढरी.

त्यांनी 'साधी भिंत' लावली. पडदा भिंतीत विरघळला. कुठेही जोड दिसेना.

"कमाल आहे तुमची," बबडीची आई म्हणाली. आणि ती सहसा असं म्हणत नसे.

५

"बाबा, तुझी म्हातारी छान आहे."

भाऊ शहाळं सोलत होते. "कुठली म्हातारी?"

"पडद्यातली. भिंतीवर सावली येते ना दुपारी? उजव्या कोपऱ्यात बघ. मी तिला आजीबाई म्हणते."

भाऊंनी मान वर केली. कोपऱ्यात, पडद्याच्या कडेपासून हातभर आत, एक सावली उभी होती. ठेंगणी, वाकलेली. मानेवर छोटासा अंबाडा. हातात काठी. कडा अशा रेखीव की काठीची मूठसुद्धा कळावी.

शहाळं हातातून निसटून ताटात पडलं.

"अहो, लक्ष कुठंय?" बबडीची आई फडकं घेऊन आली.

भाऊंनी तिथल्या तिथे फोटो काढून टाकला. पडदा बंद केला. लेकीला म्हणाले, "फोटो जुना झालाय, डागाळलाय. उद्या नवा आणतो." मग बाहेर येऊन जिन्यात बसले, आणि आपण काय केलं हे त्यांना पायरी पायरीने आठवत गेलं. चौऱ्याऐंशी. खिडकीखालची आरामखुर्ची. लग्नाचे पाहुणे.

पण भाऊ असे तसे घाबरणारे नव्हते. माणूस एखादी गोष्ट फार मनाला लावून घेतो तेव्हा त्याला डागातही तोंडं दिसतात, हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी लेव्हलला घेऊन ते गेले. पडदा उतरवला, मागच्या खऱ्या, बबडीच्याच भिंतीचा ताजा फोटो घेतला, पडदा परत चढवून तो लावला.

आजीबाई होत्याच. कालच्यापेक्षा दोन पावलं आत. थोड्या मोठ्या. आणि थोड्या पुसट.

"जातेय बघ बाबा," बबडी म्हणाली. "फिकी झाली."

खाली उतरल्यावर लेव्हलने पाणसळ खिशातून काढून उगाच दोनदा तिरकी करून पाहिली.

६

दुकानात परत आल्यावर भाऊंनी अर्धं शटर ओढलं, भरदुपारी. मागच्या खोलीतल्या पांढऱ्या भिंतीसमोर दहा हातांवर दिवा ठेवला.

"शिडी भिंतीला लागून उभी कर."

लेव्हलने केली. भिंतीवर शिडीची सावली पडली. शिडीएवढीच, प्रत्येक पायरी मोजता यावी इतकी रेखीव.

"आता मागे घे. दिव्याकडे आण. थोडी. आणखी थोडी."

सावली वाढत गेली आणि कडा विरत गेल्या. पायऱ्या धुरकट झाल्या, एकमेकींत मिसळल्या.

"पुसट झाली," लेव्हल म्हणाला.

"पुसट झाली म्हणजे शिडी कुठे गेली?"

"भिंतीपासून लांब."

"आणि लांब गेली म्हणजे कुठे आली?"

लेव्हल दिव्याकडे बघत राहिला. बबडीच्या खोलीत उजेड खिडकीतून येतो. खिडकीशी पलंगाचं डोकं.

"भाऊ, आणखी जवळ आणू?"

"आण."

शिडी दिव्याच्या अगदी तोंडाशी आली. आता भिंतीवर शिडीच राहिली नाही. डाग गेला होता. सगळी भिंत एकसारखी होती, नुसती जरा सावळी.

भाऊ मोडक्या स्टुलावर खाली बसले. सोमवारी दुपारी अडीच वाजता एका म्हाताऱ्या बाईंनी आनंदाने सांगितलेली बातमी त्यांना आता कळली होती. "अभिनंदन," बाई म्हणाल्या होत्या. आणि आपण म्हणालो होतो, बोललो होतो की नाही.

"भाऊ, पडदाच काढून आणू," लेव्हल म्हणाला. "आत्ता टेम्पो काढतो."

"ताप मोजायची नळी फोडली की ताप उतरतो का रे? काल रात्रभर पडदा बंद होता. तरी दोन पावलं आली ना ती? बंद केल्याने थांबत नाही. दिसत नाही एवढंच."

७

पुढचे नऊ दिवस भाऊ रोज दुपारी लेकीकडे जात आणि पडद्याला मीटर लावत. त्र्याऐंशी. एक्याऐंशी. एकोणऐंशी. उजेड बघून पडदा आपोआप मंद व्हायची जी सोय असते, ती त्यांनी पहिल्याच दिवशी बंद केली होती. त्यामुळे मनाची समजूत घालायला तेवढाही आधार उरला नव्हता. आजीबाई आता पडद्याच्या मधोमध होत्या, पुरुषभर उंच, धुरासारख्या. काठी ओळखू येत नव्हती.

पाचव्या दिवशी त्यांनी विषय काढला. "हिला आपल्या घरी नेऊ या."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" बबडीच्या आईने आवाज दाबून विचारलं. "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ऐकलंत ना? निदान तीन आठवडे तरी अजून काढायलाच हवेत. जिने उतरवता उतरवता काही झालं तर? दोनदा झालंय, अहो. तिसऱ्यांदा मी नाही बघणार."

"निदान दुसऱ्या खोलीत."

"का? काय आहे ह्या खोलीत?"

आयुष्यभर जिभेच्या जोरावर धंदा केलेला माणूस, बायकोकडे पाठ करून मीटर पुसू लागला. मनात एक बारीक हिशेबी आवाज म्हणत होता, लेका, छटांचा दोष आहे, सेन्सरचा आहे, तुझ्या चष्म्याच्या नंबरचा आहे. लेकीला हलवलंस आणि बाळाला काही झालं, तर तो डाग कुठल्या भिंतीवरून पुसशील? दुसरा आवाज वाद घालत नव्हता. तो रोज एक आकडा सांगे. शहात्तर. चौऱ्याहत्तर.

दहाव्या दिवशी, दुपारी दोनला, दुकानातला फोन वाजला.

"बाबा!" बबडीचा आवाज पेढे वाटल्यासारखा. "तुझा डाग गेला. एकदम साफ! बिचारी आजीबाई, करमायचं नाही मला आता."

भाऊंनी समोरच्या गिऱ्हाइकाला एक शब्दही सांगितला नाही. गल्ल्याची किल्लीसुद्धा काढली नाही.

"लेव्हल, मोठ्या पडद्याच्या खोक्यातली फळी घे. आणि टेम्पोवाल्याला म्हण, तूही चल."

८

मीटरवर आकडा एकसष्ट. पडद्यावर कोरी, एकसारखी भिंत. बाहेर लख्ख ऊन.

बबडी हसत होती, पण अंगावर चादर ओढून. "खिडकी उघडी आहे का गं आई? मानेपाशी गार लागतंय."

खिडकी बंद होती.

"हिला पुढच्या खोलीत नेतोय," भाऊ म्हणाले. "आत्ता."

"अहो..."

"पस्तीस वर्षांत माझ्या हातून एक काच फुटली नाही. आज फुटली तर आयुष्यभर तोंड दाखवणार नाही तुला. बाजूला हो."

त्या आवाजाला बबडीची आई बाजूला झाली.

मोठा पडदा कसा उचलतात ते बघितल्याशिवाय कळत नाही. पापडाएवढी जाड काच, चार कोपऱ्यांना चार माणसं, सगळ्यांनी एकाच दमात श्वास घ्यायचा, एका कोपऱ्याने जरी अर्धं बोट घाई केली तरी आतून तडकते. लेव्हलने फळी गादीखाली सरकवली. एका कोपऱ्याला तो, एका टेम्पोवाला, एका शेजारचा शिंपी, धावत आलेला, गळ्यात टेप तशीच. चौथ्या कोपऱ्याला भाऊ, लेकीच्या डोक्याशी. म्हणजे खिडकीशी.

"काच आहे," लेव्हल हलक्या आवाजात म्हणाला, रोज म्हणतो तसा. "माझ्या बोलीवर. उचल."

गादी उचलली गेली. बबडीच्या पोटावरची चादर हललीसुद्धा नाही. भाऊंच्या मानेवर मात्र काहीतरी गार टेकलं, एखाद्या म्हाताऱ्या माणसाने आधारासाठी हात ठेवावा तसं. ते वळले नाहीत. काच हातात असताना वळायचं नसतं.

"डावं वळण. उंबरा आहे. पाय उचला, पाय. शाब्बास."

पुढच्या खोलीत गादी टेकली. बबडी म्हणाली, "बाबा, मी टीव्ही आहे का रे?" सगळे हसले, तिची आई डोळे पुसत हसली. बबडीने पोटावर हात ठेवला. "लाथ मारतोय. मजा वाटली वाटतं त्याला."

मानेवरचा गारवा उंबऱ्याशी सुटला होता. भाऊंनी मागे वळून आतल्या खोलीकडे पाहिलं. उघडा पलंग. नुसत्या फळ्या.

धंद्यात एक गोष्ट ते पहिल्या वर्षीच शिकले होते. दारापर्यंत आलेल्या गिऱ्हाइकाला दुकान बंद दिसलं, की ते घरी परत जात नाही. शेजारच्या दुकानात शिरतं.

"चहा टाक सगळ्यांना," ते बायकोला म्हणाले. "मी जरा आत पडतो. पाठ धरली."

"फळ्यांवर?"

"पाठीला बरं असतं."

लेव्हल एकटाच त्यांच्याकडे बघत होता. भाऊंनी खिशातून पेन ड्राइव्ह काढून त्याच्या हातात दिला. "हा ठेच. आणि हा पडदा दुकानात न्यायचा नाही. कुणाच्या घरी तर नाहीच. तुझ्या हातांनी फोड. कळलं?"

"पण भाऊ..."

"बबडी काच नव्हती रे. हा आहे. फोड."

त्यांनी आत येऊन दार लोटलं. पलंगावर आडवे झाले, डोकं खिडकीशी. मीटर पोटावर ठेवलं. समोर सावळी भिंत होती.

थोडा वेळ काहीच झालं नाही. बाहेर कपबशांचा आवाज, शिंप्याचा कुठला तरी विनोद. पलंगाची एक फळी, उशाकडची, हळूच करकरली, शेजारी कुणीतरी जपून बसल्यासारखी. भाऊंनी तिकडे पाहिलं नाही. ते माल तपासताना बघत तसे एकटक पडद्याकडे बघत राहिले.

भिंत उजळू लागली. एकसष्ट, सत्तर, ऐंशी. चौऱ्याऐंशी. मधोमध काहीतरी गोळा होत होतं, धुरकट, मग दाट. ते लहान होत भिंतीकडे निघालं होतं, आणि कडा पावलागणिक रेखीव होत होत्या. अंबाडा दिसला. काठी दिसली.

तिच्या मागे दुसरी सावली होती. थोडी वाकून चालणारी. नाकावर चष्मा घसरलेला. एका हाताने पोटाशी दोरीला लटकलेलं काहीतरी सावरून धरलेलं.

भाऊंनी पोटावरचं मीटर चाचपायला हात उचलायला घेतला. हात उचलला गेला की नाही, ते त्यांना नीटसं कळलं नाही.

"बाबा!" पुढच्या खोलीतून बबडीची हाक आली. "डाग परत आला का रे?"

भाऊंनी डोळे भरून पाहिलं. असं चित्र त्यांनी आयुष्यात कुणाला दाखवलं नव्हतं. प्रत्येक कड कात्रीने कापल्यासारखी.

"नाही गं," ते म्हणाले. "स्वच्छ आहे."